साडूंच्या वतीनं एक घोट

माझ्या साडूंनी मला बियर प्यायला लातूरला बोलावलं. हे वाक्य मी नांदेडात ज्याला ज्याला ऐकवलं, त्यानं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग तोंडाचा वास घेतला. कारण आमचे साडू विश्वनाथअप्पा काय चीज आहेत, हे अख्ख्या गोतावळ्याला ठाऊक आहे. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत, गावाबाहेर डाळमिल, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे. घरात खोकल्याचं औषध आलं, तरी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय ती उंबऱ्याच्या आत येत नाही. लग्नाच्या वरातीत गाडीच्या मागे काहीजण घोळका करून का उभे आहेत, हे पाहायला स्वतः जाणारा हा माणूस. त्या घोळक्यात दोन वेळा मीच सापडलो होतो. माझी निवड त्यामुळेच झाली असणार.

फोनवर अप्पांनी प्रस्तावना केली नाही. "साडूभाऊ, आपल्या नातेवाइकांत पिणारा म्हणून तुमचंच नाव हाय," ते म्हणाले. "एक काम हाय, ते तुमच्याशिवाय कुणाच्यानं व्हनार न्हाई."

आता, मी पिणारा म्हणजे किती? नांदेडच्या वजिराबादेत माझं चष्म्याचं दुकान आहे आणि संध्याकाळी हौशी नाटकाच्या तालमी असतात. नाटकाचा शेवटचा प्रयोग झाला की मित्राच्या गच्चीवर खारे शेंगदाणे आणि थंड बियर. एवढीच माझी कारकीर्द. पण कीर्ती कारकिर्दीपेक्षा मोठी असावी, हे प्रत्येक नटाला आवडतं, म्हणून मी खोडून काढलं नाही.

काम असं होतं. अप्पांची एकुलती एक लेक गौरी पुण्यात नोकरीला आहे. गावात सांगायचं म्हणजे 'फूड कंपनीत'. खरं म्हणजे एका लहानशा बियरच्या कारखान्यात. एखादी सुगरण जसं पाहून, चाखून, आपल्या मनानं लोणचं घालते, तशी तिथं थोडी थोडी बियर बनवतात. गौरीनं स्वतःच्या मनाची एक बियर केली होती. ब्लॉन्ड एल तिचं नाव. रंगानं फिकी सोनेरी, चवीला सौम्य, आणि ओक नावाच्या विलायती झाडाच्या लाकडी पिंपात काही महिने मुरवलेली. आता तिच्या डोक्यात होतं, की बियर पुण्यात बनवावी आणि मुरवावी लातूरला, अप्पांच्या मिलमागच्या रिकाम्या दगडी गोदामात. लातूर म्हटलं की आधी पाण्याचा प्रश्न येतो, तर त्याचंही उत्तर तिनं तयार ठेवलं होतं: मुरायला पाणी लागत नाही. सरकारी परवाने ती बघणार होती. अप्पांनी फक्त जागा द्यायची. नाही दिली, तर गोव्याच्या एका कंपनीनं तिला बोलावलंच होतं, आणि त्यांना आठवड्याच्या आत उत्तर हवं होतं.

"मी माल बघितल्याशिवाय हो म्हनत न्हाई," अप्पा म्हणाले, "आन् ह्यो माल मला बघता येत न्हाई. तवा तुम्ही माझ्या वतीनं प्या. खरं काय ते सांगा. चांगली असंल तर पोरगी हितं राहील. नसंल तर जाऊ द्या गोव्याला."

मी फोन ठेवला आणि छाती फुगवून बायकोला ही बातमी दिली. मंगल भाजी निवडत होती. तिनं वर न पाहता सांगितलं, की मीही येते. माझ्या बहिणीच्या लेकीचं आयुष्य तुमच्या जिभेवर टांगलंय, तर तिथं कुणीतरी शुद्धीवर असलेलं माणूस हवं.

लोहा

नांदेडहून लातूरचा रस्ता आता एवढा गुळगुळीत झालाय, की तक्रार करायलाही काही उरलेलं नाही. म्हणून मी लोह्याला चहासाठी थांबलो आणि तिथं तालमीला सुरुवात केली. बियर कशी चाखायची याची चित्रफीत मी आदल्या दिवशी मोबाइलवर पाहिली होती. आधी उजेडात धरून रंग पाहायचा. मग पेला गोल फिरवायचा. नाक आत घालून वास घ्यायचा. छोटा घोट घेऊन तो तोंडात सगळीकडे खेळवायचा आणि विचारमग्न दिसायचं. शेवटची पायरी चित्रफितीत नव्हती, ती माझी.

मी काचेचा पेला उन्हात धरला, तिरपा केला, फिरवला, नाक घातलं. टपरीवाला सगळं बघत होता. त्यानं दुसरा चहा गाळला, माझ्यासमोर ठेवला आणि आधीचा पेला माझ्या हातातून काढून घेतला.

"राहू द्या सायेब," तो म्हणाला. "माशी पडली म्हनून सांगायचं तोंडानं. लाजायचं कशाला."

मंगल गाडीत जाऊन बसली, कारण तिला चारचौघांत एवढं हसायचं नव्हतं. मी दुसरा चहा साधेपणानं प्यालो.

लातूर

लातूरची हवा अशी आहे, की तिथं कुठल्याही गोष्टीची परीक्षा होते. अख्ख्या महाराष्ट्रातली पोरं शिकवणीला इथं येतात. रिक्षावालाही 'कितवा नंबर आला' असं विचारतो. आम्ही अप्पांच्या दारात उतरलो तेव्हा अप्पांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती पर्यवेक्षकाची होती. आमच्या नांदेडात पाहुणा आला की आधी तहारी खाल्ली का, चहा कुठला घेणार, बसा हो निवांत, असा मामला असतो. इथं पाणी दिलं आणि लगेच विचारलं, की सर्दीबिर्दी तर न्हाई ना झाली.

गौरी बाहेर गाडीपाशी होती. केस आखूड कापलेले, मनगटावर भाजल्याचे दोन जुने डाग, आणि डिकीतल्या बर्फाच्या पेटीवर अर्धी वाकलेली. बाटल्यांना उंबरा बंद होता. त्यामुळे आठ-दहा बाटल्या कडुनिंबाखाली गाडीच्या डिकीत मुक्कामाला होत्या आणि बिचारी दर थोड्या वेळानं जाऊन बर्फ बदलत होती. गल्लीतल्या बायकांना तिनं इंजेक्शनं आहेत असं सांगितलं होतं. त्यामुळे शेजारच्या काकू आपल्या म्हशीसाठी एक मिळेल का, असं विचारून गेल्या होत्या.

आत स्वयंपाकघरात वेगळाच सोहळा चालला होता. दुसऱ्या दिवशी वेळ अमावस्या होती. हा सण ज्यांच्याकडे नाही, त्यांना सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूरची सगळी माणसं उठून शेतात जातात. तिथं कडब्याची खोप करून पांडवांची पूजा मांडतात, शेताच्या कडेनं आंबील शिंपडतात आणि दिवसभर जेवतात. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात शिजवून, लसूण-जिरं घालून, मातीच्या मडक्यात रात्रभर ठेवलेलं आंबट पेय. आणि ही आंबील अप्पांच्या घरात बायका करत नाहीत. ती अप्पा स्वतः करतात. एरवी पाण्याचा तांब्याही हातानं न घेणारा हा माणूस त्या दिवशी धोतर खोचून चुलीपुढं बसतो आणि पळी कुणालाही देत नाही.

मी दारात उभा राहून बघत होतो. गौरी हात पुसत आत आली. तिनं मला ओकच्या पिंपाबद्दल सांगायला घेतलं. पिंप फ्रान्सचं, त्यात आधी वाईन होती, त्यामुळे लाकडात तिचा थोडा अंश उरतो.

चुलीपुढून अप्पा म्हणाले, "म्हंजी वापरलेलं."

"अप्पा, वापरलेलंच चांगलं असतं. नव्या लाकडाचा वास फार उग्र येतो."

"आंबिलीला दर साली नवं मडकं लागतं. एक रात ठिवायचं, सकाळी प्यायचं. तू दुसऱ्याचं उष्टं पिंप आणून त्यात चार-चार म्हैने ठिवून राहिली."

"लोणचं नाही का जुन्या बरणीत मुरत?"

भाजी चिरता चिरता अक्का, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, एवढंच म्हणाली, "माझ्या बरणीला मधी आणायचं न्हाई."

अप्पा पुन्हा पळीकडे वळले. मला मात्र एक गोष्ट दिसली आणि मी ती मनात ठेवली. अप्पांनी पळीवर थोडी आंबील घेऊन फुंकर मारली, जिभेवर ठेवली आणि मान कलती करून डोळे मिटले. मघाशी बरोबर तशीच मान कलती करून गौरी गाडीपाशी बाटलीचं झाकण हुंगत होती.

जेवणानंतर तिनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "काका, परवा सकाळी चाखायचंय. उद्या तिखट खाऊ नका हं. जीभ कोरी पाहिजे. ही फार हळू बोलणारी बियर आहे, ठसका लागला की ऐकू येणार नाही."

मी छातीवर हात ठेवून, रंगभूमीवर जसा ठेवतात तसा, वचन दिलं.

चाकूरजवळचं शेत, अमावस्या

दुसऱ्या दिवशी सकाळी लातूर ओस. दुकानांची शटर खाली, शिकवण्यांना कुलपं, चौकात एक कुत्रं भांबावून उभं. आणि गावाबाहेरच्या रस्त्यांवर मात्र जत्रा. ट्रॅक्टर, जीप, मोटरसायकली, आणि प्रत्येकीवर एक मडकं मांडीत धरून बसलेलं माणूस. नांदेडात मी त्या दिवशी दुकान उघडं ठेवून माशा मारतो आणि इकडचं एक गिऱ्हाईक का येत नाही म्हणून दरवर्षी नवल करतो. यंदा कळलं.

अप्पांचं शेत चाकूरच्या अलीकडे, रस्त्यापासून आत आहे. हरभरा घाट्यांवर आलेला, करडई काटे रोखून उभी, ज्वारी डोक्याएवढी. खोपीपाशी पूजा झाली, अप्पा आंबील शिंपडत बांधानं फिरून आले, आणि पंगत बसली.

आता माझ्या वचनाचं काय झालं ते सांगतो. त्यात माझा दोष फार थोडा आहे. लातूरच्या भज्जीला आम्ही नांदेडकर तळलेली भजी समजतो, तसं नाही. शेतात जे जे कोवळं आहे ते सगळं, तूर, हरभरा, वाल, मेथी, कांद्याची पात, भुईमुगाचे दाणे, बेसनात एकत्र शिजवलेलं. सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे. ही भज्जी सौम्यच होती. अक्कानं माझ्यासाठी मुद्दाम मिरची कमी घातली होती. इथवर मी वचनाला जागलो.

पण त्या दिवशी माणूस एका शेतात जेवून उठू शकत नाही. बांधापलीकडून हाक येते, आणि हाक आली की जायचं. नाही म्हणणं म्हणजे त्यांच्या शेताला नाव ठेवणं. मी पहिल्या शेतात 'घोटभर' आंबील घेतली. दुसऱ्यात खीर. तिसऱ्या शेतातले पाटील मला नाटकातला म्हणून ओळखणारे निघाले. त्यांनी लोह्याला कधीतरी माझं काम पाहिलं होतं. प्रेक्षक समोर आला की माझं काय होतं, ते मंगलला विचारा. त्यांनी ताटात हिरव्या मिरचीचा खर्डा वाढला आणि म्हणाले, की तुमच्या नांदेडच्या माणसाला झेपायचा न्हाई.

बस. तिथं नांदेडची इज्जत उभी राहिली. मी खर्डा खाल्ला. पाटील वाढत गेले, मी खात गेलो, डोळ्यांतून पाणी वाहत असतानाही मी राजाचं एक भाषण म्हणून दाखवलं आणि टाळ्या घेतल्या. परत येताना मला बांध दिसत नव्हता.

मंगलला पित्ताचा त्रास आहे. ती सगळ्या शेतांतून फिरली, पण आंबिलीपलीकडे तिनं काही खाल्लं नाही. ते बरं दिसत नव्हतं, म्हणून प्रत्येक ठिकाणी तिनं आंबिलीला मात्र मत दिलं. इथं ताक जुनं आहे. इथं लसूण जळलाय. अप्पांच्या मडक्यातली पिऊन म्हणाली, "मीठ किंचित कमी हाय, अप्पा." सगळी पंगत अप्पांकडे बघायला लागली. अप्पांनी वाटी तोंडाला लावली आणि मीठ मागवलं.

गौरीनं माझा लाल चेहरा पाहिला. "काका, तुम्ही काय खाल्लंत?"

मी म्हणालो, ऊन लागलं. ती माझ्या तोंडाजवळ आली आणि वास घेऊन तिथंच बांधावर खाली बसली.

तेच शेत, दुसरी सकाळ

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी शेत मोकळं असतं. खोप तेवढी उभी आणि मडक्यांत उरलेली आंबील. अप्पांनी परीक्षेसाठी हीच जागा नेमली, कारण घरात बाटली चालणार नव्हती आणि देव आदल्या दिवशी जेवून गेलेले होते.

आंब्याखाली बाज टाकून अप्पा बसले. अक्का वास नको म्हणून लांब विहिरीच्या कठड्यावर. मंगल बाजेच्या कोपऱ्यावर. गौरीनं जुन्या सुती साडीत गुंडाळलेले लांब दांड्याचे पेले काढले, बाटली उघडली आणि ओतली. वर पांढरा फेस, खाली रंग असा, की जणू घाण्यावरून नुकतं आलेलं करडईचं तेल. उन्हात धरल्यावर त्यातून पलीकडची ज्वारी दिसत होती. खरं सांगतो, एवढं देखणं पेय मी गच्चीवर कधी पाहिलं नव्हतं. आमच्या मंडळातली बियर आम्ही पाहतो कुठं, बाटलीतूनच पितो.

मी उठलो. पेला उजेडात धरला, फिरवला, नाक घातलं, घोट घेतला, तोंडभर खेळवला.

आणि वाचकहो, माझ्या जिभेला फक्त एवढंच कळलं, की हे गार आहे. फार बरं वाटलं. भाजलेल्या बोटावर ओला फडका ठेवावा तसं. त्यापलीकडे काहीही नाही. पाणी असतं तरी हेच कळलं असतं.

पण समोर गौरी दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून उभी होती. मी डोळे मिटले आणि सुरू झालो. व्हॅनिला आहे म्हणालो. मागून चंदन येतंय. मधाची एक बारीक रेघ. जुनं कपाट उघडल्यावर येतो तसा लाकडाचा श्वास. मग थोडं थांबून, आवाज खाली आणून म्हणालो, की अप्पा, ही बियर नाही, ही संध्याकाळ आहे.

अप्पा शांतपणे ऐकत होते. मोंढ्यात त्यांनी भिजलेल्या तुरीचं याहून सुंदर वर्णन ऐकलेलं असणार.

"एवढं सगळं एका घोटात कळलं?"

"अनुभव असतो, अप्पा."

अप्पांनी गौरीला विचारलं, की पिंपात न ठेवलेली, साधी, हीच बियर हाय का तुझ्याजवळ. होती. फरक दाखवायला तिनं दोन्ही आणल्या होत्या. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. मोंढ्यात दलाल नमुन्याचं फार कौतुक करायला लागला, की अप्पा दोन नमुने फडक्याखाली अदलाबदल करतात आणि त्याला म्हणतात, आता सांग तुझा कुठला. तेच उपरणं आता त्यांनी माझ्या डोळ्यांवर बांधलं. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांवर चष्मे चढवणाऱ्या माणसाची ही दशा.

एक पेला हातात आला. प्यालो. गार. दुसरा आला. प्यालो. तोही गार. मी पहिला उंच धरला आणि ठामपणे जाहीर केलं, की हा ओकचा, यात शंकाच नको, लाकूड अगदी बोलतंय.

मी उपरणं वर केलं, तर गौरी मान खाली घालून साध्या बाटलीचं झाकण बोटांत फिरवत होती.

"माझा साक्षीदार फुटला," अप्पा म्हणाले. ते बाजेवरून उठले, चपला शोधल्या. रागावले नव्हते, तेच जास्त लागलं. लेकीकडे न बघता म्हणाले, "मला काय कळायचं ते कळंना झालं, बाळा. गोव्याचं काय ते तुझं तू बघ."

मी उपरणं गळ्यात ओढलं आणि दोन्ही पेले बाजेवर ठेवायला वाकलो.

तेवढ्यात मंगलनं हात पुढं केला. "इकडं द्या ते दोन्ही."

विहिरीवरून अक्का म्हणाली, "मंगे."

"अक्का, तू गप बस. काल चार शेतांची आंबील चाखली, आज दोन आणखी." तिनं डोळे मिटून गौरीला पेले अदलाबदल करायला लावले आणि आमच्याकडे पाठ केली, म्हणजे कुठला पेला कुठला हे आमच्या तोंडांवरून कळू नये. आधी एक घोट. मग बराच वेळ काही नाही. गौरीनं दिलेल्या कोऱ्या भाकरीचा तुकडा. मग दुसरा घोट. एवढा वेळ ती माझ्या हातची आमटीही चाखत नाही, ती तर वासावरूनच नापास होते.

"ही साधी," तिनं उजवा पेला पुढं केला. बरोबर होता. "ही लाकडाची. पण गौरी, लाकूड जास्त झालंय."

मी डोळ्यांनी मंगलला खुणावलं. तिनं दुर्लक्ष केलं.

"पहिला घोट गोड वाटतोय. वासही चांगला हाय, वेलचीच्या डब्यासारखा. पण गिळल्यावर जीभ कोरडी पडली, कच्ची सुपारी खाल्ल्यासारखी. मसालेभातात लवंग जास्त पडली की कसं, भात गेला आणि लवंगच राहिली. तसं झालंय."

अप्पा चपला घालता घालता थांबले होते. मी गौरीच्या पाठीमागे सरकलो आणि नाटकात जसा विंगेतून संवाद पुरवतात तसा पुरवला, की सांग, हीच तर ह्याची खासियत आहे, परदेशात अशीच आवडते. पोरीनं माझ्याकडे बघितलंही नाही.

"हो मावशी," ती म्हणाली. "जास्त राहिली. पिंपातून आधीच काढायला पाहिजे होती. मला माहीत होतं."

अप्पांनी विचारलं, "ठावं होतं, तर काढली का न्हाई?"

पेल्यातला फेस विरत आलेला होता, त्याच्याकडे तिनं पाहिलं. मग म्हणाली, "काढली असती, तर तुमच्यासमोर आणावी लागली असती. म्हणून आज-उद्या करत राहिले."

अप्पा पुन्हा बाजेवर बसले. त्यांनी माझ्या गळ्यातलं उपरणं काढून घेतलं, झटकलं, सावकाश घडी घातली. मला वाटतं, आडतीत बसून ज्यानं हजारो लोकांना ओला माल सुका म्हणून विकताना ऐकलंय, त्याला ते वाक्य कुठं ठेवावं हे समजत नव्हतं. पेल्याकडे मात्र त्यांनी एकदा पाहिलं. हातात घेतला नाही. नाक थोडं पुढं नेलं आणि मागं घेतलं.

"गोदामाच्या दक्षिणेच्या भिंतीवर दिसभर ऊन असतं," ते म्हणाले. "उन्हाळ्यात हात लावला तरी चटका बसतो. पिंपं उत्तरेला लावावी लागतील."

गौरीनं उरलेले रिकामे पेले खाली ठेवले. एक आडवा झाला, कुणी उचलला नाही.

"आन् फाटकावर डाळमिलचीच पाटी राहील. दुसरी काही लावायची न्हाई."

"राहू दे, अप्पा."

"गाडीत टेप हाय का? माप घेऊन टाकू. तुझं गणित तिथं जाऊन चुकायचं."

दोघं बांधावरून गाडीकडे निघाले. अप्पा पुढं, गौरी मागं, आणि अर्ध्या वाटेत ती पुढं गेली. करडईपाशी अप्पा वळले आणि मला म्हणाले, "साडूभाऊ, तुम्ही बसा निवांत. पुढच्या टायमाला तुम्हाला तरास देत न्हाई. मंगललाच बोलवतो."

अशा रीतीनं मी पदावरून उतरलो. नियुक्ती फोनवर, हकालपट्टी करडईच्या शेतात, मधला कार्यकाळ तीन घोटांचा. उघड्या बाटल्या समोर होत्या, त्यांचं काय करायचं याचा आदेश कुणी दिला नव्हता, म्हणून मी बाजेवर आडवा झालो आणि आंब्यातून येणारं ऊन बघत राहिलो. मंगलनं साधा पेला संपवला. लाकडाचा अर्धा ठेवला.

थोड्या वेळानं पाहतो तर अक्का विहिरीवरून उठलेली. आधी ती खोपीपर्यंत आली, कडबा सारखा करायला. मग बाजेपर्यंत, सतरंजी झटकायला. गाडी रस्त्याला लागल्याची धूळ दिसेपर्यंत ती झटकत राहिली.

"कशी लागती गं?"

"सांगून कळत नाही, अक्का."

अक्कानं चहूबाजूंनी शेत पाहिलं. मी डोळे मिटून घेतले, म्हणजे जवळजवळ मिटून. तिनं करंगळी पेल्यात बुडवली आणि लोणच्याचा खार बघतात तशी जिभेवर टेकवली. तोंड वाकडं केलं. पुन्हा एकदा बुडवली.

"लवंग कुठली, हे तर बिब्ब्यावानी तुरट लागतंय," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला वेळेत काढायला लावते तिला. हितंच असल्यावर मीच बघीन ना रोज जाऊन."